कमी खर्चाचे घरगुती सेंट्रिफ्यूज: बांधणी आणि सुरक्षित वापर

गढूळ पाणी पेल्यात स्थिर ठेवले की साका खाली बसतो आणि वर निवळ राहते. कण जितके बारीक, तितका हा वेळ वाढत जातो. यीस्टच्या पेशी बसायला काही तास लागतात, तर त्याहून सूक्ष्म कण दिवसभरातही बसत नाहीत. नळी वेगाने गोल फिरवली म्हणजे तिच्यातील कणांवर गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट जोर बाहेरच्या दिशेने पडतो आणि तासांचे काम मिनिटांत होते. सेंट्रिफ्यूजचे तत्त्व एवढेच आहे आणि ते साधे असल्यामुळेच हे यंत्र घरी किंवा शाळेच्या कार्यशाळेत बनवण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र फिरणाऱ्या वस्तूत साठलेली ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या लेखात वेग वाढवण्याच्या युक्त्या दिलेल्या नाहीत. ठरवलेल्या वेगाच्या वर जाऊच शकणार नाही आणि बिघाड झाला तरी तुकडे बाहेर पडणार नाहीत, असे यंत्र कसे बांधावे, हे सांगितले आहे.

स्वस्त सेंट्रिफ्यूजची कल्पना जुनी आणि आदरणीय आहे. २००८ मध्ये हार्वर्डमधील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने अंडी फेटायच्या हाताच्या रवीला बारीक प्लास्टिकची नळी बांधून रक्तातील प्लाझ्मा वेगळा करून दाखवला. २०१० मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनींनी भाजीचा पाला वाळवायच्या फिरत्या भांड्यापासून रक्तक्षय तपासण्याचे साधन तयार केले. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोऱ्यावर फिरणाऱ्या बटणाच्या खेळण्यावरून ‘पेपरफ्यूज’ साकारला. सुमारे २० सेंट खर्चाची कागदाची ती चकती मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचते. तिन्ही साधनांना वीज लागत नाही आणि तिन्हींची फिरणारी वस्तू हलकी आहे. आपण बांधणार आहोत ते यंत्र मोटरवर चालणारे आणि दीड-दोन मिलिलिटरच्या नळ्या धरणारे असल्याने त्याचा रोटर, म्हणजे नळ्या धरून फिरणारी तबकडी, बराच जड आहे. त्यामुळे त्याचे सुरक्षेचे नियमही वेगळे आहेत.

आधी आकडेमोड

मिनिटाला किती फेरे, एवढ्यावरून सेंट्रिफ्यूजचे काम कळत नाही, कारण जोर त्रिज्येवरही अवलंबून असतो. गुरुत्वाच्या किती पट जोर मिळेल, हे काढण्याचे सूत्र असे: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधील त्रिज्या, गुणिले मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा वर्ग. त्रिज्या मोजायची ती अक्षापासून नळीच्या टोकापर्यंत. आपल्या रोटरमध्ये हे अंतर ६.३ सें.मी. येते. त्यानुसार १,५०० फेऱ्यांना सुमारे १५८ पट, २,००० फेऱ्यांना २८२ पट आणि ३,००० फेऱ्यांना ६३४ पट जोर मिळतो. वेग दुप्पट केला की जोर चौपट होतो, आणि रोटरमध्ये साठलेली ऊर्जाही चौपट होते. ही दुसरी गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात राहत नाही.

सहाशे पट जोरात काय होते आणि काय होत नाही, हे बांधणीला हात घालण्यापूर्वीच समजून घ्यावे. यीस्ट आणि शैवालाच्या पेशी चांगल्या बसतात, मातीचे कण व वनस्पतींच्या पेशींचा चोथा वेगळा होतो, दुधावर सायीचा थर येतो, पालकाच्या रसातील हरितलवके बऱ्याच अंशी खाली जमतात. जिवाणू नीट बसवायला काही हजार पट जोर लागतो, आणि प्लाझ्मिड (जिवाणूंमधील डीएनएच्या छोट्या कड्या) वेगळे करण्याच्या तयार किटमध्ये मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे गृहीत धरलेले असतात. ती कामे या यंत्राची नव्हेत. ज्यांना तेवढा वेग हवा आहे, त्यांनी तयार प्रमाणित यंत्र विकत घ्यावे किंवा जवळच्या महाविद्यालयाची मदत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिक्सरची मोटर वापरावी का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. वापरू नये. स्वयंपाकघरातला मिक्सर बिनभार अवस्थेत मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेतो. त्या वेगाला आपल्याच रोटरच्या त्रिज्येवर जोर २२,००० पटींच्या वर जातो आणि द्रवासह अडीच ग्रॅम भरणारी नळी आपल्या खाचेवर ५७ किलोचा भार टाकते. शिवाय ती मोटर थेट २३० व्होल्टवर चालते. हातातल्या ड्रिलला किंवा ग्राइंडरला रोटर लावून तो उघड्यावर फिरवण्याचे प्रकारही नवशिक्यांनी पूर्णपणे टाळावेत.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली किंवा आपल्या शहरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पुढील वस्तू मिळतात. ‘७७५’ या मापाची, बॉल बेअरिंगची १२ व्होल्टची डीसी मोटर घ्यावी. या एकाच मापात निरनिराळ्या वेगांच्या मोटरी विकल्या जातात, म्हणून १२ व्होल्टला बिनभार ३,००० ते ३,५०० फेरे असलेलीच निवडून घ्यावी. वेगाची खरी मर्यादा येथे ठरते. वेगनियंत्रक बिघडून मोटरला पूर्ण विद्युतदाब मिळाला, तरी रोटर धोक्याच्या वेगाला पोहोचता कामा नये. दहा हजार फेऱ्यांची मोटर घेऊन ‘आपण हळूच चालवू’ असे म्हणणे म्हणजे सगळी सुरक्षा एका बटणाच्या भरवशावर सोडणे होय. याच कारणाने अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा, बंद डबीचा आणि बीआयएस नोंदणीचे चिन्ह असलेला घ्यावा, आणि यंत्रावर ‘फक्त १२ व्होल्ट’ असे ठळक लिहावे, कारण २४ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरची पिनही तिथे बसू शकते आणि मग वेग जवळजवळ दुप्पट होतो.

याखेरीज १० अँपिअरचा १२ व्होल्ट डीसी वेगनियंत्रक, ५ अँपिअरचा फ्यूज, दोन पोलचा (एकाच वेळी दोन जोडण्या सांभाळणारा) आठ पिन रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, आणि त्याचा बेस, एक मायक्रोस्विच, हिरवे व लाल अशी दोन दाबायची बटणे, मोटरच्या ५ मि.मी. शाफ्टवर रोटर बसवण्यासाठी फ्लँज कपलिंग, थरथरीने सैल न होणारे नायलॉक नट, मोठे वॉशर, १८ मि.मी. जाडीचे प्लायवूड, फेरे मोजणारे लेसरचे टॅकोमीटर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा लागेल. कवचासाठी बाहेरून झाकण बसणारा, आतून १८० ते २२० मि.मी. व्यासाचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा प्रेशर कुकर घ्यावा. झाकण आतून बसणाऱ्या कुकरचे तोंड लंबगोल आणि अरुंद असते, त्यातून रोटर आत जात नाही. यंत्रासाठी भोके पाडलेला कुकर पुन्हा कधीही स्वयंपाकाला वापरायचा नाही.

रोटर

रोटरसाठी मी २० मि.मी. जाडीचा एचडीपीईचा (दाट पॉलिथिनचा) पत्रा सुचवतो. खाटीकखान्यातल्या आणि हॉटेलातल्या जाड पांढऱ्या कापायच्या पाट्या याच प्लास्टिकच्या असतात. हे प्लास्टिक चिवट आहे, एकदम तडकत नाही आणि हलके आहे. १५० मि.मी. व्यासाची एचडीपीईची तबकडी साधारण ३३५ ग्रॅम भरते, त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची मात्र जवळजवळ साडेनऊशे ग्रॅम. ३,००० फेऱ्यांना एचडीपीईच्या तबकडीत सुमारे ४७ ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे एक किलोचे वजन पावणेपाच मीटर उंचीवरून पडावे इतकी. अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीत ती याच्या जवळपास तिप्पट असते. या वेगाला तबकडीच्या मध्यभागी येणारा ताण प्लास्टिकच्या ताकदीच्या मानाने फारच थोडा असतो, त्यामुळे भोकांच्या कडांशी तो काही पट वाढला तरी धोका राहत नाही. अ‍ॅक्रिलिक दिसायला सुंदर असले तरी ठिसूळ असते. त्याचा रोटर कधीही करू नये. त्रिमितीय छपाईचा रोटर थरांच्या सांध्यांवर कमजोर असतो आणि आतला दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून पहिल्या यंत्रासाठी तोही नको.

तबकडी लेथवर कातून घ्यावी. घरी करवतीने कापलेली तबकडी गोल दिसते, पण गोल असत नाही. लेथवाल्याला कागदावर मापे लिहून द्यावीत: व्यास १५० मि.मी., मधोमध शाफ्टचे भोक, कपलिंगच्या बोल्टांची भोके त्याच बैठकीत पाडलेली, आणि ६० अंशांच्या अंतराने सहा तिरपी भोके. प्रत्येक भोक ११ मि.मी. व्यासाचे, ४५ अंशांत कललेले आणि आरपार असावे. वरच्या पृष्ठभागावर त्याचा मध्य अक्षापासून ३५ मि.मी.वर यावा. दीड मिलिलिटरची नळी तिच्या गळ्याशी असलेल्या कडेवर यात टेकून राहते आणि टोक खालून साधारण ८ मि.मी. बाहेर डोकावते. भोकाच्या खालच्या तोंडापासून तबकडीच्या कडेपर्यंत १२ मि.मी. प्लास्टिक शिल्लक राहते. ही जाडी कमी करू नये. सहाही भोकांच्या कडा बारीक पॉलिशपेपरने गोलसर कराव्यात, कारण तीक्ष्ण कडेपासूनच तडा सुरू होतो.

तबकडी तयार झाली की तिचा तोल तपासावा. मधल्या भोकात घट्ट बसणारी सरळ सळई घालून ती दोन समपातळीतल्या धारांवर आडवी ठेवावी आणि तबकडी हलकेच फिरवून सोडावी. दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे. त्या बाजूच्या खालच्या अंगाला, कडेपासून दूर, ड्रिलने अगदी उथळ खळगा करून थोडेसे प्लास्टिक काढावे आणि पुन्हा तपासावे. तबकडी कोठेही थांबू लागेपर्यंत हे करत राहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण यंत्र शांत चालणार की थरथरणार, हे येथेच ठरते.

जोडणी

कुकरच्या तळाच्या मध्यभागी ४५ मि.मी.चे भोक पाडावे आणि त्याच्याच रेषेत खालच्या प्लायवूडच्या फळीलाही तसेच भोक घ्यावे. कुकरच्या आत तळावर ३ मि.मी. जाडीची लोखंडी पट्टी टाकून ती तळ आणि फळी यांच्यातून चार बोल्टांनी आवळावी. मोटर खालून वर आणून तिचे तोंड या पट्टीला स्क्रूने बसवावे, म्हणजे मोटरचे अंग फळीखाली लोंबते आणि शाफ्ट कुकरमध्ये उभा राहतो. फळीला पुरेसे उंच पाय लावून त्यांना रबरी बूट घालावेत. शाफ्टच्या सपाट बाजूवर कपलिंगचा ग्रब स्क्रू (डोके नसलेला छोटा स्क्रू) टेकेल अशा रीतीने कपलिंग बसवावे आणि स्क्रूला आटे न सुटू देणारे द्रावण लावावे. कपलिंगच्या फ्लँजवर रोटर ठेवून वरून मोठा वॉशर घालून नायलॉक नटांनी आवळावे. नळ्या बसवून रोटर हाताने फिरवून पाहावा: नळ्यांची टोके आणि तळ यांत किमान ५ मि.मी. फट हवी, आणि कडेला पेन्सिलचे टोक धरून फिरवले असता तबकडी डोलताना दिसू नये.

या सगळ्याभोवती १८ मि.मी. प्लायवूडची पेटी येते. कुकरचे झाकण शिटी काढून, मूठ फिरवून नेहमीसारखे अडकवायचे, आणि त्यावर पेटीचे बिजागरीचे झाकण दोन कड्यांनी बंद करायचे. टॅकोमीटरचा किरण आत जावा म्हणून दोन्ही झाकणांना एकाखाली एक असे १५ मि.मी.चे भोक, मध्यापासून थोडे बाजूला, पाडावे आणि कुकरच्या झाकणावर आतून ४ मि.मी. जाडीच्या पॉलिकार्बोनेटचा तुकडा नटबोल्टने बसवावा. त्याच त्रिज्येवर रोटरच्या माथ्याला परावर्तक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा.

वीजजोडणीत दोन गोष्टी साधायच्या आहेत: झाकण उघडले की मोटर बंद व्हावी, आणि वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होऊ नये. त्यासाठी रिलेच्या कॉइलकडे जाणारी तार आधी लाल बटणातून (दाबल्यावर तुटणाऱ्या), मग पेटीच्या झाकणाने दाबल्या जाणाऱ्या मायक्रोस्विचमधून आणि त्यानंतर हिरव्या बटणातून न्यावी. रिलेचा पहिला पोल हिरव्या बटणाला समांतर जोडावा, म्हणजे बटण सोडल्यावरही रिले धरून राहतो. दुसऱ्या पोलमधून फ्यूज, वेगनियंत्रक आणि मोटर यांना वीज द्यावी. कॉइलवर उलट दिशेने एक १एन४००७ डायोड लावावा. वीज गेली की रिले सुटतो आणि कोणीतरी हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटर हलत नाही. भारनियमनाच्या गावांत ही सोय नसेल तर यंत्र अपूर्णच समजावे.

पहिली चाचणी

पहिल्यांदा यंत्र खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवून भोवती वाळूच्या पिशव्या रचाव्यात आणि बटणे लांब तारेने दाराबाहेर घ्यावीत. रोटर रिकामा ठेवून १,००० फेऱ्यांवर पाच मिनिटे चालवावा, बंद करून नट, ग्रब स्क्रू आणि भोकांच्या कडा भिंगाने पाहाव्यात, मग ५०० फेऱ्यांनी वेग वाढवत हेच करत जावे. शेवटी कमाल वेगावर सलग अर्धा तास चालवावे. त्यानंतर हीच मालिका पाणी भरलेल्या सहा नळ्यांनिशी करावी. प्रत्येक थांब्यावर मोटरला हात लावून पाहावे. हात ठेववत नसेल इतकी ती तापली असेल तर कोठेतरी घर्षण होत आहे.

वेग मोजताना एक गोष्ट जाणून घ्यावी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकची ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ३,००० फेऱ्यांना रोटर सेकंदाला ५० वेळा फिरतो, म्हणजे एका फेऱ्यात दिवा दोनदा उजळतो आणि सहा सारखी भोके असलेला रोटर झाकणाच्या भोकातून अगदी स्तब्ध उभा असल्यासारखा दिसतो. चिकटपट्टीचा तुकडा समोरासमोर दोन ठिकाणी दिसू लागला की वेग बरोबर ३,००० आहे, हे कळते. टॅकोमीटर पडताळायला ही खूण उत्तम आहे. पण याच कारणाने रोटर थांबला की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. टॅकोमीटरवर शून्य दिसेपर्यंत आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत कडी काढू नये. मायक्रोस्विच वीज तोडतो, रोटरला थांबवत नाही.

रोजचा वापर

फक्त झाकणाच्या, पॉलिप्रोपिलीनच्या दीड-दोन मिलिलिटरच्या नळ्या वापराव्यात, काच नको. नळ्या समोरासमोर ठेवाव्यात आणि जोड्या काट्यावर तोलून घ्याव्यात. सारख्या उंचीपर्यंत भरलेल्या नळ्या सारख्या वजनाच्या असतातच असे नाही. साखरेचे द्रावण आणि पाणी समोरासमोर ठेवले तर तोल बिघडतो. ३,००० फेऱ्यांना ०.१ ग्रॅमचा फरकसुद्धा सेकंदाला ५० वेळा सुमारे ६३ ग्रॅमचा हिसका देतो, आणि समोरची नळी ठेवायची राहूनच गेली तर हिसका दीड किलोच्या वर जातो. सहा खाचांच्या रोटरमध्ये दोन, तीन, चार किंवा सहा नळ्यांचा तोल साधता येतो. तीन असतील तर एकाआड एक ठेवाव्यात. एक किंवा पाच नमुने असतील तर पाण्याची एक नळी जोडीला घालावी.

वेगाची खुंटी शून्यावर आणून मगच हिरवे बटण दाबावे आणि वेग हळूहळू वाढवावा. यंत्र चालू असताना त्याच्याभोवती ३० सें.मी.च्या आत हात, वस्तू किंवा माणूस असू नये. प्रयोगशाळेतल्या सेंट्रिफ्यूजसाठीच्या आयईसी ६१०१०-२-०२० या आंतरराष्ट्रीय मानकातही एवढेच अंतर मानले आहे. यंत्र जमिनीवर किंवा ठेंगण्या चौरंगावर ठेवावे, म्हणजे रोटरची पातळी कोणाच्याही छाती-चेहऱ्यासमोर येत नाही. विद्यार्थी वापरत असतील तर शिक्षक समोर हवेतच. थरथर किंवा अनोळखी आवाज आला की लाल बटण दाबावे आणि वाट पाहावी; झाकण उघडून आत डोकावण्याची घाई हीच सगळ्यात धोक्याची असते.

पहिल्या प्रयोगासाठी चिमूटभर कोरडे यीस्ट कोमट पाण्यात कालवून दोन नळ्या तोलून भराव्यात, तिसरी तशीच स्टँडमध्ये उभी ठेवावी आणि २,००० फेऱ्यांवर पाच मिनिटे चालवावे. फिरवलेल्या नळीत टोकाच्या बाहेरच्या अंगाला तिरपा, पांढुरका साका दिसेल आणि स्टँडमधली नळी अजून दुधासारखी गढूळ असेल. साका हलू नये म्हणून नळी रोटरमध्ये होती त्याच कलाने बाहेर काढावी आणि निवळ ड्रॉपरने विरुद्ध बाजूने उचलावी.

रक्त, थुंकी, लघवी किंवा संसर्गाची शक्यता असलेला कोणताही नमुना या यंत्रात घालू नये. नळी फुटली तर उडणारे तुषार रोखण्याची सोय यात नाही, आणि निदानाची तपासणी नोंदणीकृत प्रयोगशाळेतच व्हायला हवी. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांसारखे पेट घेणारे द्रवही नकोत, कारण आपल्यासारख्या ब्रशच्या मोटरमध्ये, ब्रश जिथे घासतात तिथे, सतत ठिणग्या पडतात. कांद्यातला किंवा केळ्यातला डीएनए स्पिरिटमध्ये वर आला की तो यंत्रात न फिरवता काडीवर गुंडाळून घ्यावा. दूध संकलन केंद्रातली गर्बर पद्धतीची फॅटची तपासणी येथे करून पाहू नये. तिच्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल असते आणि तिची यंत्रे त्यासाठीच घडवलेली असतात.

नोंदवही

प्रत्येक वापराची तारीख, वेग, वेळ आणि काही वेगळे जाणवले असल्यास ते, एवढे वहीत लिहावे. १६ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एका अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा अ‍ॅल्युमिनियमचा रोटर चालू असताना फुटला. तुकड्यांनी पोलादी झाकण वाकवले, शेजारचा रेफ्रिजरेटर आणि फ्रीझर निकामी केले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. आपले यंत्र त्याच्या तुलनेत फारच सौम्य आहे, पण पुन्हा पुन्हा ताण सोसून पदार्थ थकतो हा नियम दोन्हींना लागू आहे. दर आठवड्याला नट आणि ग्रब स्क्रू पाहावेत, दर महिन्याला रोटर काढून साबणाच्या पाण्याने धुवावा आणि भोकांच्या कडा भिंगाने तपासाव्यात. तडा, पांढुरकी रेघ, फुगीरपणा किंवा नळी सैल बसू लागणे, यांपैकी एकही खूण दिसली की रोटर बाद करावा. बाद केलेली तबकडी कपाटात ठेवू नये; करवतीने तिचे दोन तुकडे करावेत, म्हणजे कोणी ती उचलून पुन्हा यंत्रावर चढवणार नाही.